वायपरची मोटर: पावसाळ्यातल्या एका रविवारचं काम

(ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा गाडीपाशी उभं राहून एक एक पायरी बघायची आहे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले "अं", "म्हणजे" तेवढे काढलेत.)

आजचा विषय जुन्या गाडीचा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या नशिबी पहिली गाडी म्हणून बाबांची, काकांची नाहीतर मामाची जुनी गाडीच येणार. आणि जुनी गाडी पावसात तुमची पहिली परीक्षा घेते ती वायपरमध्ये.

एक साधा हिशोब करा. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे एका सेकंदात ती ११ मीटर जाते. मुसळधार पावसात वायपर थांबला, तुम्ही दचकलात, ब्रेककडे पाय नेला, यात तीन सेकंद गेले असं धरा. तेहतीस मीटर तुम्ही आंधळेपणाने गेलात. म्हणूनच वायपर ही चैनीची वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम १०१ खास वायपरसाठी आहे. खाजगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपली की नूतनीकरणाच्या तपासणीत वायपर चालू असावाच लागतो.

आता प्रसंग सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. माझी ताई खेडला राहते आणि चिपळूणच्या एका दवाखान्यात नर्स आहे. गाडी २००६ सालची छोटी हॅचबॅक. जुलैमध्ये तिची सलग दोन आठवडे रात्रपाळी होती. रात्री आठला हजर, सकाळी सुटका. त्या वेळेला सोयीची एसटी नाही, म्हणून गाडीच. महिनाभर वायपर जरा जड फिरत होता. मग कमी वेगावर तो चालेनासा झाला, जास्त वेगावर मात्र चालायचा. ताई म्हणाली, "चालतोय ना हायवर, बघू नंतर." एका सकाळी ती परशुराम घाट चढून लोट्याच्या सपाटीला लागली आणि हायसुद्धा बंद पडला. दोन्ही पाती काचेच्या मधोमध, समोर पांढरा पडदा. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी एका टपरीच्या आडोशाला घेतली आणि पाऊस ओसरेपर्यंत चाळीस मिनिटं तिथेच बसली.

गावातल्या गॅरेजवाल्याकडे पावसाळ्याची गर्दी. "गुरुवारी आणा," म्हणाला. हा शुक्रवार होता. ताईची सुट्टी शनिवार-रविवारची दिवसा, पण रविवारी रात्री पुन्हा ड्युटी. म्हणजे रविवारी रात्री आठच्या आत गाडी तयार हवी.

आधी निदान, मग खरेदी. हे वाक्य लिहून ठेवा. वायपर चालत नाही म्हणजे मोटरच गेली असं नसतं.

मोटर कशी चालते ते दोन मिनिटांत बघू. ही १२ व्होल्टची डीसी मोटर. आत फिरणारं आर्मेचर, बाजूला चुंबक, आणि आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बन. मोटर खूप जोरात फिरते, म्हणून पुढे स्क्रूसारखा आटे असलेला गियर असतो, तो वेग कमी करून ताकद वाढवतो. त्या गियरच्या दांड्यावर एक छोटा आडवा हात असतो, त्याला क्रँक म्हणतात. क्रँक गोल फिरतो, त्याला जोडलेल्या पट्ट्या पुढेमागे होतात, आणि काचेवरची पाती डावी-उजवीकडे डोलतात. गॅरेजमध्ये या पट्ट्यांना सरळ "लिंक" म्हणतात.

दोन वेग कसे मिळतात? कार्बन दोन नसतात, तीन असतात. एक दोन्ही वेगांना सामाईक, एक लोचा, एक हायचा. हायचा कार्बन थोडा तिरक्या जागी बसवलेला असतो. त्याच्यातून वीज गेली की आर्मेचरच्या कमी वेढ्यांचा विरोध लागतो आणि मोटर जास्त वेगाने फिरते. साधारण लोवर मिनिटाला ४५ फेऱ्या, हायवर ६५ च्या आसपास.

आणि तिसरी गंमत. तुम्ही दांडी बंद केलीत तरी पाती अर्ध्यात थांबत नाहीत, खाली जाऊन झोपतात. कारण गियरवर एक चकती असते. पाती खाली पोचेपर्यंत ती चकती मोटरला वीज देत राहते. याला पार्किंग म्हणतात. आणि लक्षात ठेवा, ही पार्किंगची वीज बहुतेक गाड्यांत लोच्या कार्बनमधूनच जाते.

आता ताईच्या गाडीची लक्षणं पुन्हा ऐका. लो बंद. हाय कधी चालू, कधी बंद. आणि बंद केल्यावर पाती मध्येच थांबतात. लोचा कार्बन झिजला तर लो जातो आणि पार्किंगही जातं. दोन्ही एकदम! उलट, स्टिअरिंगजवळच्या दांडीतला लोचा स्विच बिघडला असता, तर लो गेला असता, पण पार्किंग चाललं असतं. इतक्या एका निरीक्षणावरून संशय मोटरकडे वळतो. पण संशयावर पैसे खर्च करायचे नाहीत. खात्री करायची.

मी पुण्यात होतो, गाडी खेडला. म्हणून व्हिडिओ कॉल लावला. भाचा अकरावीत आहे, त्याच्या हातात टेस्ट लॅम्प दिला. टेस्ट लॅम्प म्हणजे टोकाला सुई आणि आत छोटा दिवा. वायरचा चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा, सुई जिथे वीज हवी तिथे टेकवायची. दिवा लागला तर वीज आहे. मल्टिमीटर असेल तर उत्तमच.

क्रम असा. पहिला फ्यूज. बॉक्सच्या झाकणावर वायपरचा फ्यूज दाखवलेला असतो. तो ठीक होता. फ्यूज उडालेला सापडला तर नवा लावून लगेच खुश होऊ नका, तो का उडाला ते शोधा. आणि जास्त अँपिअरचा फ्यूज कधीच घालू नका, वायरिंग जळेल. दुसरी तपासणी मोटरच्या सॉकेटवर. दांडी लोवर ठेवून लोच्या वायरला सुई टेकवायची.

"मामा, दिवा लागला!"

म्हणजे स्विच, फ्यूज, वायर सगळं ठीक, वीज मोटरच्या दारापर्यंत येते आहे. अर्थ तपासला, तोही ठीक. मग म्हटलं, सॉकेट पुन्हा जोड, दांडी लोवर ठेव आणि पान्याच्या दांड्याने मोटरच्या अंगावर हळूच टकटक कर. हात लिंकपासून लांब.

"मामा, फिरली! आता थांबली. पुन्हा फिरली!"

झालं निदान. झिजलेला कार्बन हादरा बसला की क्षणभर टेकतो, म्हणून मोटर फिरते. टकटक करतच आम्ही पाती खाली आणून पार्क केली. हे महत्त्वाचं, पुढे सांगतो का ते.

तुमच्या गाडीत लक्षणं वेगळी असतील. मोटरचा घरघर आवाज येतो पण पाती हलत नाहीत, तर लिंक सुटली आहे किंवा पात्याचा नट सैल आहे, मोटर चांगली आहे. एकच पातं चालतं, तरी लिंक बघा. सगळंच मुकाट, तर फ्यूज, रिले आणि अर्थ आधी. पाती जड फिरतात, तर लिंकचे सांधे सुकलेत का बघा.

आता खरेदी. फोनवर "अमुक गाडीची वायपर मोटर" इतकंच सांगू नका. त्याच गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी मोटर आलेली असते. भाच्याकडून तीन फोटो मागवले: मोटरवरचं स्टिकर आणि नंबर, सॉकेटच्या पिना मोजता येतील असा, आणि बोल्टच्या जागा. हे फोटो घेऊन मी शनिवारी नाना पेठेत गेलो. मुंबईत असाल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. नवी मोटर मिळत असेल तर नवी घ्या. जुनी घ्यायची झाली तर दुकानदाराला बॅटरीवर चालवून दाखवायला सांगा: लो, हाय आणि पार्किंग, तिन्ही. दांडा बोटाने हलवून बघा, आडवा हलला तर परत ठेवा. आणि परदेशातल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा भाग स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका, त्याची मांडणी उलटी असते.

फक्त कार्बन बदलूनही काम होतं का? होतं. ऑटो इलेक्ट्रिशियन थोड्या पैशांत करून देतो, आर्मेचर चांगलं असेल तर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पण ताईच्या मोटरच्या जोडावर फोटोतच गंज ओघळलेला दिसत होता. आत पाणी गेलं होतं. म्हणून मोटरच बदलायची ठरलं.

रविवारी सकाळी कामाला लागलो. हत्यारं फार नाहीत: १० चा आणि १२ चा बॉक्स पाना, स्क्रूड्रायव्हर, ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, मार्कर, चिकटपट्टी आणि जुना टॉवेल.

पहिली पायरी. पाती जिथे झोपलेली आहेत, तिथे काचेवर चिकटपट्टी लावा. शेवटी पाती परत कुठे बसवायची याची ही खूण.

दुसरी. बॅटरीची काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, काढा. हा नियम वायरिंगसाठी आहेच, पण बोटांसाठी जास्त आहे. वायपरची लिंक वाटते तेवढी नाजूक नसते. बोट अडकलं तर मोडेल.

तिसरी. पात्यांचे हात काढणं. बुडाचं टोपण उचला, नट काढा. हात सहसा गंजून घट्ट बसलेले असतात. स्प्रे मारा, दहा मिनिटं चहा प्या, मग हात हळूहळू डोलवत वर ओढा. काचेचा आधार घेऊन स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. काच पैशाने मोटरपेक्षा महाग असते.

चौथी. काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी काढा. जुनं प्लास्टिक कडक होऊन कटकन मोडतं. क्लिपांवर कोमट पाणी ओतलं की थोडी मऊ होतात.

आणि इथे खरा गुन्हेगार सापडला. जाळीखालच्या पन्हाळीत आंब्याची कुजलेली पानं, मोहराचा चुरा आणि त्याखाली चार बोटं पाणी. गाडी अंगणात आंब्याखाली उभी असते. पन्हाळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायला छिद्रं असतात, ती दोन्ही बुजलेली. पाऊस पडला की पाणी साठणार, आणि मोटर त्यात पाय सोडून बसणार. नुसती मोटर बदलून गाडी दिली असती तर नवी मोटरही याच पाण्यात गेली असती. पानं उपसली, छिद्रांतून जाड वायर फिरवली, वरून तांब्याभर पाणी ओतलं. चाकामागून ते धो धो खाली आलं. गाडीचं अर्धं काम तिथेच झालं.

पाचवी. सॉकेट काढा, ओढताना वायरला धरू नका, सॉकेटची जीभ दाबा. मग क्रँकची जागा मार्करने आखून घ्या. क्रँकचा नट सोडवताना क्रँक दुसऱ्या पान्याने घट्ट धरा, नाहीतर सगळा जोर मोटरच्या गियरवर जातो. मग मोटरचे तीन-चार बोल्ट, आणि मोटर हातात. बोल्टखालचे रबर जपून ठेवा.

सहावी पायरी लोक हमखास गाळतात. मोटर बाहेर असताना लिंक हाताने फिरवून बघा. ताईच्या गाडीत डावा सांधा सुकून जड झाला होता. जड लिंक ओढताना मोटर जास्त वीज खाते, तापते आणि कार्बन लवकर झिजतात. महिनाभर वायपर जड का फिरत होता, त्याचं उत्तर हे. सांधा स्वच्छ करून ग्रीस भरलं, मग लिंक एका बोटाने फिरायला लागली.

सातवी, आणि सगळ्यात महत्त्वाची. नवी मोटर क्रँक न लावता नुसतीच सॉकेटला जोडा. बॅटरी जोडा, मोटर अर्थला म्हणजे गाडीच्या लोखंडाला टेकलेली ठेवा, लोवर चालवा, मग दांडी बंद करा. मोटर फिरत जाऊन आपल्या पार्किंगच्या जागी थांबेल. आता बॅटरी पुन्हा काढा आणि पाती झोपलेल्या स्थितीत जुन्या खुणेप्रमाणे क्रँक बसवा. जुनी मोटर आधी पार्क करून घेतली होती ती यासाठी. तुमची जुनी मोटर पार्क होतच नसेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाती टोकाला असतात तेव्हा क्रँक आणि त्याची पट्टी एका रेषेत येतात. अशा दोन जागा असतात, एक खालच्या टोकाची, एक वरच्या. क्रँक उलटा बसला तर वायपर बंद केल्यावर पाती काचेवर वर जाऊन उभी राहतील. घाबरू नका, नट काढून अर्धा फेरा फिरवायचा.

आठवी. मोटर घट्ट करा, जाळी लावण्याआधी आणि पाती न बसवता सगळे वेग चालवून बघा. लिंक कुठे घासत नाही ना, ते कान देऊन ऐका. मग बंद करून चिकटपट्टीच्या खुणेवर हात बसवा. हात बसवताना काचेवर टॉवेल टाकून ठेवा, स्प्रिंगने तो सटकन खाली आला तर काच तडकू शकते. आणि चाचणी कायम ओल्या काचेवर. कोरड्या काचेवर रबर खरडतं आणि मोटरवर ताण येतो.

आम्ही बागेच्या पाइपने काचेवर पाणी मारलं. लो, हाय, थांबत थांबत चालणारा वेग, बंद. पाती शहाण्यासारखी खाली जाऊन झोपली. संध्याकाळचे साडेचार वाजले होते. ताईने जेवणाचा डबा भरला, गाडीला एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "घाटात थांबणार नाही ना रे?" मी म्हटलं, "मोटर नाही थांबणार. पण या आंब्याखाली गाडी लावायची असेल, तर दर रविवारी ती पन्हाळ साफ करायची. हे काम भाच्याचं." सव्वासातला ती निघाली.

जाता जाता वायपरचा थोडा इतिहास, कारण तो मला आवडतो. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये बर्फाच्या चिखलात ट्राम चालवणाऱ्याची काच दिसेना म्हणून चाललेली धडपड पाहिली. १९०३ मध्ये त्यांना आतून दांड्याने हाताने फिरवायच्या वायपरचं पेटंट मिळालं. पैसे मात्र त्यातून मिळाले नाहीत. पुढे काही काळ इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारे वायपर होते, त्यांची गंमत अशी की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वायपर मंदावायचे. घाटात हे किती कामाचं, विचार करा! आणि थांबत थांबत चालणारा वायपर रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याने केला. डोळ्याला इजा झालेल्या या माणसाच्या डोक्यात विचार आला की पापणी सतत फिरत नाही, थांबून मिटते, मग वायपरने तसं का करू नये? हे पेटंट त्याला १९६७ मध्ये मिळालं, आणि १९९० मध्ये ज्यूरीने फोर्डने त्याचा भंग केल्याचा निकाल दिला.

आता शेवटची गोष्ट, समजा वायपर वाटेतच बंद पडला तर. वेग कमी करा, दिवे चालू ठेवा, डावीकडे इंडिकेटर देऊन पेट्रोल पंप, टपरी, कुठलीही मोकळी जागा गाठा. घाटात दरडीखाली किंवा वळणावर थांबू नका. जुने ट्रकवाले काचेवर कापलेला बटाटा किंवा तंबाखू चोळतात. त्याने पाण्याचे थेंब न होता पातळ थर पसरतो आणि थोडं दिसतं. जवळच्या आडोशापर्यंत पोचायला ठीक, घर गाठायला नाही.

मेच्या शेवटी एक दिवस काढा. रबर बोटाने तपासा, कडक असेल तर बदला. पन्हाळ साफ करा. ओल्या काचेवर वायपर लो आणि हायवर चालवा, बंद करा, पाती खाली जातात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि वायपर "फक्त हायवर चालतोय" असं घरात कुणी म्हणालं, तर त्याच आठवड्यात बॉनेट उघडा.

तुमच्या जुन्या गाडीचं काही अडलं असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, गाडी कोणती, किती सालची आणि लक्षण नेमकं काय, इतकं सांगा. पुढच्या भागात स्टार्टरबद्दल बोलू. तोवर सांभाळून चालवा. भेटू!